अस्वलाच्या कानामागचं पांढरंशुभ्र गाव

एका जंगलात एक बाई घसा बसेपर्यंत सांगत होती आणि तिच्यावर कुणाचा म्हणून विश्वास बसला नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर गोष्ट संपली की तुम्ही पोरं विचाराल, मग तिने वेळेवर सांगितलं का नाही? सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. आता मांडी घाला आणि तुम्ही तरी ऐका.

त्या जंगलात एक अस्वल होतं. मोठं, केसाळ, मधाला चटावलेलं. त्याच्याशी आपल्याला फारसं घेणं नाही. आपल्याला घेणं आहे त्याच्या डाव्या कानामागच्या एका गावाशी.

हसू नका. अंगात गावं असतात. तुमच्याही आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना पेशी म्हणतात आणि अंड्यासारखं चित्र काढून त्याला चहूकडून बाण मारतात. बाण मारले की पोरांना कळलं, असं पुस्तकवाल्यांना वाटतं.

तर गाव म्हटलं की भिंत आली, वेस आली, पाटील आला. भाकऱ्या भाजायची भट्टी आली. कोठार आलं. आणि गावाच्या भिंतीबाहेर, जिकडे बघाल तिकडे, चुना.

डॉक्टर लोक त्याला कॅल्शियम म्हणतात आणि त्याच्या गोळ्या देतात. हाडं त्याचीच, दात त्याचेच. आपण सरळ चुना म्हणू.

बाहेर चुन्याचे ढीग आणि आत औषधापुरता, अशी त्या गावाची रीत होती. भिंत कितीही लिंपा, फटी राहतातच. त्यांतून चुना रात्रंदिवस आत झिरपायचा. मग तो रात्रंदिवस बाहेर टाकावा लागायचा. हे काम हौसाबाईचं. हाताखाली आणखी बायका होत्या, पण ओरडायचं काम तिचं एकटीचं.

चुना अगदीच नको होता, असं मात्र नाही. थोडा गावातल्या कोठारात कुलूप लावून ठेवलेला असायचा. किल्ली कोंडाआत्याच्या कनवटीला. बाहेरून कुणी निरोप घेऊन आला आणि वेस वाजली, की आत्या कोठाराचं दार किलकिलं करायची आणि चिमूटभर चुना चौकात उधळायची. काळाभोर चौक क्षणभर पांढरा व्हायचा. गाव समजायचं, काम आलं. जखम भरायची असेल तर जखम भरा, केस वाढवायचा असेल तर केस वाढवा.

लगेच हौसाबाई सूप घेऊन हजर. चुना गोळा करून भिंतीबाहेर. चौक पुन्हा काळा. पुढच्या निरोपाला मोकळा.

उधळलेल्या चिमटीतली थोडी भुकटी तुळाजीच्या भट्टीत जाऊन पडायची. तुळाजी गावाच्या भाकऱ्या भाजायचा. ती भुकटी पडली की विस्तव असा फुलायचा की भाकरी टम्म.

"विड्यासारखं आहे बघ," कोंडाआत्या म्हणायची. तिच्या तोंडात सदा पान. "चुन्यावाचून रंगत नाही. आणि जास्त झाला की जीभ सोलून निघते. बोटाला कळायला पाहिजे."

"तुमच्या बोटाला कळतं, माझ्या हातांची सालटं निघतात त्याचं काय?" हौसाबाई म्हणायची आणि फुटलेल्या तळव्यांना तेल चोळायची.

आणखी एक सांगायचं राहिलं. गावातल्या पिंपळाखाली कातरवाले झोपलेले असायचे. त्यांना एरवी कुणी उठवत नसे. अंगावर चुन्याचा थर चढला, तरच ते उठत. एखाद्या गावाचे दिवस भरले की ते गाव नीट कापून, गाठोडी बांधून, आवरून टाकायचं, हे त्यांचं काम. कातरवाले प्रत्येक गावात असतात. बाया रडक्या पोरांना म्हणायच्या, "गप बस, नाहीतर कातरवाल्याला देईन." यापलीकडे त्यांचं कुणी नाव काढत नसे.

हौसाबाईची धाकटी बहीण अनसा शेजारच्याच गावात दिलेली. दोन्ही गावांची भिंत एक. त्या भिंतीला हात जाईल एवढं भोक होतं. त्यातून मीठमिरचीची देवाणघेवाण चालायची. त्याहून जास्त देवाणघेवाण गाऱ्हाण्यांची.

"अक्का, हात कसे आहेत?"

"आहेत अजून. तुझ्या सासूची जीभ कशी आहे?"

"आहे अजून."

असं बोलून दोघी कामाला लागायच्या. या भोकावर हौसाबाईचा फार जीव.

आता तुम्हाला वाटेल, ही हौसाबाई शहाणी आणि बाकीचं गाव मूर्ख. तसं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. पण पहिली चूक हौसाबाईनेच केली.

एकदा तिचे हात इतके फुटले की सूप धरवेना. ती तशीच चावडीवर गेली. पाटील तेव्हा दाजीबा होते. स्वभावाने चांगले. एकच खोड, सगळ्यात शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटायचं.

हौसाबाई म्हणाली, "पाटील, चुना म्हणजे विष आहे. विष घरात थोडं ठेवलं म्हणून ते औषध होतं का? कोठारातलासुद्धा काढा. सगळा बाहेर."

कोंडाआत्या काही बोलायला गेली, पण तिच्या तोंडात पान होतं. ती पिंक टाकायला उठली तेवढ्यात ठराव झाला.

हौसाबाईने हात कसे आहेत ते बघितलं नाही. आनंदाने कोठार झाडून काढलं. कोपऱ्यातला कण न् कण बाहेर फेकला. मग चौकात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता कसं चकचकीत."

चकचकीत होतंच. वेस वाजायची आणि गावाला पत्ता नसायचा. उधळायला चिमूट कुठे होती? कोंडाआत्या चौकात उभी राहून नुसतं "वेस वाजली हो" म्हणायची, पण पानामुळे ते कुणाला कळायचं नाही. आणि आता तर तिचं पानही रंगत नव्हतं. भट्टीत विस्तव फुलेना. तुळाजी फुंकून फुंकून बेजार. भाकऱ्या कच्च्या, तेवढ्याही पुरेनात.

मग लोकांनी घराच्या छपराचं गवत काढून शिजवलं.

"जुनंच होतं. बदलायचंच होतं," असं म्हणून खाल्लं. दुसऱ्या खेपेला नवं छप्पर खाल्लं. मग दारांच्या चौकटी. एका घरात पाळण्याची झोळी पातेल्यात दिसली, तेव्हा तुळाजी चावडीवर गेला आणि म्हणाला, "पाटील, गाव स्वतःलाच खायला लागलंय."

तो शेवटी बोलला होता, त्यामुळे पाटलांना पटलं. कोठार पुन्हा भरलं. चिमूट पडली, भट्टी फुलली, छपरं शाकारली गेली.

हौसाबाई चार लोकांत म्हणाली, "चुकले मी. हातांच्या दुखण्यात बोलले."

गावाने माफ केलं. माफ म्हणजे काय, येता-जाता चेष्टा. ती म्हणाली आज गरम होतंय, की लोक घोंगडी घेऊन बसायचे. हौसा म्हणते ना, मग उलटंच असणार.

आता खरी गोष्ट सुरू होते. इकडे लक्ष द्या.

अस्वलाच्या मानेकडून एक साहेब आले. त्यांनी त्याच्या अंगभर स्पर्धा लावली होती. शुभ्रग्राम स्पर्धा. जे गाव सगळ्यात पांढरं, त्याला चषक. दाजीबा पाटलांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे लकाकले.

चावडीवर सगळं गाव बसलं. पाटील म्हणाले, "आपल्या चौकात चुना उधळतो तेव्हा किती देखणा दिसतो. अगदी चांदणं पडल्यासारखा. आणि लगेच या बाया तो झाडून टाकतात. का?"

"का म्हणजे, रीत आहे," कुणीतरी म्हणालं.

"रीत," पाटील म्हणाले. "बरं, मला एक सांगा. गावात सगळ्यात जास्त भाकऱ्या कोण खातं?"

सगळ्यांनी हौसाबाईकडे आणि तिच्या बायकांकडे पाहिलं. ते खरं होतं. उपसण्याचं काम अंगमोडीचं. भट्टीतल्या निम्म्याशिम्म्या भाकऱ्या त्यांनाच लागायच्या.

"आणि या पिकवतात काय? काही नाही. विणतात काय? काही नाही. आपल्या दारात आपण होऊन चालत आलेला चांगला चुना उचलतात आणि बाहेर फेकून देतात. यासाठी निम्म्या भाकऱ्या."

गावाने माना हलवल्या. तुळाजीनेसुद्धा हलवली. भट्टीपुढे वाकून वाकून त्याच्या पाठीचे टाके ढिले झाले होते. निम्म्या भाकऱ्या वाचल्या तर कुणाला नको?

हौसाबाई उभी राहिली. "पाटील, चुना आत साठला तर गाव मरेल."

"मागच्या खेपेला तू म्हणालीस, चुना काढला नाही तर गाव मरेल. काढला. तेव्हाच मरायला टेकलं होतं."

"तेव्हा मी चुकले. एकदा चुकले म्हणजे जन्मभर चुकायचा मक्ता घेतला का मी?"

"म्हणजे चुना नसला तरी गाव मरतं आणि असला तरी मरतं," पाटील म्हणाले. "हौसाबाई, एकूण तुला मरायचंच दिसतंय."

चावडी हसली. हसणं थांबल्यावर शेवटी कुणीच काही बोललं नाही, म्हणून पाटलांना स्वतःचंच पटलं.

उपसणं बंद झालं. सुपं देवळाच्या खुंटीला टांगली. कोंडाआत्याला सांगितलं, आता चिमूट नाही, मूठ. वेस वाजण्याची वाट बघायची नाही, येता-जाता उधळायचं.

"आत्या, तुम्ही तरी नाही म्हणा," हौसाबाई म्हणाली. "तुमच्या बोटाला कळतं ना?"

"बोटाला कळतं गं," कोंडाआत्या म्हणाली. "पण पाटील सांगतात तर आपण कशाला वाईट व्हा? वाईट व्हायला तू आहेस की."

आणि तिने ओंजळ भरली.

गाव काय दिसायला लागलं म्हणून सांगू. भिंती पांढऱ्या, चौक पांढरा, पिंपळाची पानं पांढरी. पिंपळाखालचे कातरवालेही पांढरे. लोक एकमेकांच्या दारात जाऊन वाहवा करत होते. आणि भट्टी तर अशी पेटली होती की बघत राहावं. इतका चुना पडल्यावर विस्तव छपराला लागायचा तेवढा बाकी होता. भाकऱ्या टम्म फुगलेल्या.

"बघ," तुळाजी हौसाबाईला म्हणाला. "गाव मरतंय म्हणे. खा एक गरम."

हौसाबाईने भाकरी खाल्ली. चांगली झाली होती. त्याचाच तिला जास्त राग आला.

मानेकडचे साहेब आले. चौकात उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पाटलांना वाटलं, साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा पंचा पुढे केला. त्या पंचालाही चुना होता. साहेबांना आणखी गहिवरून आलं. त्यांनी चाचपडतच चषक दिला आणि चाचपडतच निघून गेले.

त्याच दिवसांत अस्वलाच्या कानामागे काटा रुतला. निरोप आला. वेस वाजली. कोंडाआत्या सवयीने धावली आणि तिने चौकात चुना उधळला.

पांढऱ्यावर पांढरं पडलं.

लोक दारात बसून होते. कुणाला काही दिसलं नाही. वेस पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. आत्याने मुठीमागून मुठी टाकल्या. काटा तिथेच राहिला. नंतर विचारलं तेव्हा जो तो म्हणाला, "आम्हाला कुठे कळलं? कळलं असतं तर केलं नसतं का?" खरंच केलं असतं हो. माणसं आळशी नव्हती.

हौसाबाई भोकाशी जाऊन बसली.

"अनसा, ऐकतेस का?"

"ऐकते. चषकवाल्या गावचं ऐकायलाच पाहिजे," पलीकडून अनसा म्हणाली. तिच्या गावाला स्पर्धेत काहीच मिळालं नव्हतं. "काय पांढरी दिसता म्हणे तुम्ही. आम्ही मेले काळेच."

"काळ्याच राहा. तुमच्या पाटलाला सांग, सुपं खाली ठेवू नका."

"अक्का, बक्षीस तुम्ही घ्यायचं आणि सुपं आम्ही हलवायची?"

"अगं, भट्टीचा रंग बदललाय इथे. तुळाजी बोलत नाही, पण त्याचं तोंड उतरलंय."

"मागेही तू असंच म्हणत होतीस. विष आहे, विष आहे. मी आमच्याकडे सांगितलं, तर सासूने माझ्या ताटात कोरडी भाकरी वाढली. म्हणाली, जा तुझ्या अक्काकडे मीठ माग." अनसा पलीकडे फळीवर काहीतरी शोधू लागली. "तुझं नेहमीचंच आहे ते अक्का. हातांना तेल लाव."

आणि भोकातून तेलाची वाटी आत आली. हौसाबाईने ती घेतली. भांडण चालू असताना तेल पाठवणारी बहीण मिळायला नशीब लागतं. पण त्या तेलाचा उपयोग नव्हता. वाटीच्या काठावर हौसाबाईच्या बोटांचा पांढरा ठसा उमटला, आणि तिला दिसलं की भोकाच्या काठावरही पांढरं लागलं आहे. चुना पलीकडे निघाला होता.

त्यानंतर भट्टी फुटली.

आवाजबिवाज काही झाला नाही. चुन्याचा थर बसून बसून भट्टीचा तळ तडकला आणि आतलं नको ते बाहेर वाहू लागलं. टम्म भाकऱ्या बंद झाल्या. तुळाजीने उरलेल्या भाकऱ्या टोपलीत घातल्या आणि टोपली घेऊन हौसाबाईकडे आला. ती देवळातून सूप काढून एकटीच उपसत होती. ओणवी होऊन, शिव्या देत.

"एवढ्याच आहेत," तुळाजी म्हणाला. "आता होणार नाहीत."

हौसाबाईने कंबर सरळ केली. "तुझ्या तोंडून हे ऐकायला मी इतके दिवस ओरडत होते होय रे?"

"आता बोलून घेतेस का उपसून घेतेस?"

पाटील धावत आले. चषक काखेत. "उपसा, उपसा. सगळ्या बायकांना बोलवा. भाकऱ्या त्यांना द्या. बक्षीस मिळालेलं गाव आहे."

बायका आल्या. कोंडाआत्याही आली. पहिल्यांदाच तिच्या तोंडात पान नव्हतं. सगळ्या हौसाबाईकडे बघत राहिल्या.

आता पोरांनो, इथे नीट समजून घ्या, कारण इथे ती काय करते त्यावर सगळं आहे.

भाकऱ्या थोड्या. त्या उपसणाऱ्या बायकांनी खाल्ल्या, तर थोडा वेळ उपसून होईल. मग भाकऱ्या संपतील, चुना येतच राहील. गाव मडक्यासारखं फुगेल आणि फुटेल. भिंत फुटली की आतला चुना, राख, भट्टीतून वाहिलेली ती घाण, सगळं शेजारच्या गावात. म्हणजे आधी अनसाच्या दारात. मग तिच्या पुढच्या गावात. अस्वलाच्या कानामागे पू धरलेला फोड. त्या फोडात किती गावं जातील, देव जाणे.

दुसरा रस्ता पिंपळाखाली होता. कातरवाले जागे झाले होते. अंगावरचा थर झटकत, कात्र्या चाचपत बसले होते. पण नीट कापायलाही अंगात ताकद लागते. उपाशी कातरवाला भलतीकडेच कात्री मारतो. त्यांना भाकरी मिळाली, तर गाव आतल्या आत कापलं जाईल, गाठोडी बांधली जातील, बाहेर थेंब सांडणार नाही. गाव तेवढं राहणार नाही.

"कोंडाआत्या," हौसाबाई म्हणाली, "बोटाला काय कळतं? उपसून होईल का?"

कोंडाआत्याने चौकातला चुना चिमटीत धरला. मग नुसतीच नाही अशी मान हलवली.

हौसाबाईने सूप खाली ठेवलं. जन्मात पहिल्यांदा, काम अर्धं टाकून.

तिने टोपली उचलली आणि पिंपळाखाली नेऊन ठेवली.

"खा बाबांनो," ती कातरवाल्यांना म्हणाली. "घाई करू नका. नीट चावून खा. मग व्यवस्थित कापा. गाठी पक्क्या मारा, मागून सुटता कामा नयेत. भिंत शेवटी घ्या."

"ही बाई गाव मारतेय," पाटील म्हणाले.

"गाव केव्हाच मेलंय पाटील. आता फक्त आवरायचं आहे," हौसाबाई म्हणाली. "तुमचा चषक द्या इकडे. वेगळा बांधायला सांगते. त्याचा काठ धारदार आहे, गाठोडं फाटेल."

सगळ्यात शेवटी ती बोलली होती. पाटलांना पटलं. त्यांनी चषक दिला.

मग हौसाबाई भोकाशी गेली. चुना आता भोकातून भुरभुर पलीकडे पडत होता. तिने लुगड्याचा पदर फाडला, त्याचा बोळा केला आणि भोकात कोंबायला लागली.

"अक्का?" पलीकडून आवाज आला. "भोक का बुजवतेस गं?"

हौसाबाईने पदर आणखी फाडला.

"रागावलीस का? कोरड्या भाकरीचं बोलले म्हणून? अगं, ते मी सासूला लावून बोलले. तुला नाही."

खरं सांगावं, तर अनसा पळाली नसती. भोकात हात घालून बसली असती. बहिणीला ओढून काढायला. तेवढ्यात चुना तिच्या अंगावर. हौसाबाईने हे सगळं एका दमात ओळखलं. शाळेत न जाता येतं हे.

"हो," ती म्हणाली. "रागावले. तुझं तोंड बघायचं नाही मला. जा, लांब जाऊन बस. पार वेशीपाशी."

आणि बोळा आत दाबला.

कातरवाल्यांनी काम चांगलं केलं. भिंत कापायच्या आधी आतलं सगळं गाठोड्यांत बांधलं गेलं. पाटील एका गाठोड्यात, कोंडाआत्या एका, तुळाजी एका. हौसाबाईच्या बाजूला सूप ठेवलं की नाही, ते मला माहीत नाही. ठेवलं असावं. मग अस्वलाच्या अंगातून फिरणारा भंगारगाडीवाला आला आणि गाठोडी उचलून घेऊन गेला. त्यातले वासे, विटा, जे चांगलं होतं ते पुढे कुठल्या कुठल्या गावांना लागलं.

बाहेर एक थेंब सांडला नाही. अस्वलाने डाव्या कानामागे एकदा खाजवलं, काटा निघून पडला, आणि ते पुन्हा झोपलं.

आता गाव मेलं म्हटल्यावर चौकशी आलीच. आसपासच्या गावांचे पंच जमले. मानेकडचे साहेबही आले. त्यांचे डोळे अजून लाल होते.

पंच म्हणाले, "दोष कुणाचा?"

"पाटलांचा म्हणावा तर ते वारले," साहेब म्हणाले. "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. शिवाय यंदापासून आपण दाजीबा पाटील स्मृती शुभ्रग्राम चषक सुरू करतोय."

"मग चुन्याचा?"

"चुन्याचा कसा? स्पर्धा त्याचीच आहे."

"कोंडाबाई?"

"त्या सांगितलेलं करायच्या. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. अशी माणसं आता कुठे मिळतात?"

तुळाजी तर बिचारा शेवटपर्यंत भाकऱ्या भाजत होता. सगळ्यांनी त्याच्यासाठी हळहळ व्यक्त केली.

एक पंच म्हणाला, "माझ्या मते कातरवाले. ते होते म्हणून गाव कापलं गेलं. कपाळावरच्या त्या गावाने आपले कातरवाले हाकलून दिले. आता ते गाव मरत म्हणून नाही. सारखं वाढतंय. शेजारची पाच-पंचवीस गावं त्यात आली." यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गावाला प्रगतीचं बक्षीस द्यायचं ठरलं. अस्वलाचं डोकं हल्ली दुखतं, हा विषय कुणी काढला नाही.

पण दोष राहिलाच. दोष असा मोकळा फिरू देता येत नाही. तो कुणाच्या तरी दारात बांधावा लागतो.

तेवढ्यात अनसा पुढे आली. डोळे सुजलेले. ती खोटं बोलणारी नव्हती. जे घडलं, आणि भंगारगाडीवाल्याकडून जे कळलं, तेच तिने सांगितलं.

"एकदा तिने सगळा चुना काढून गाव उपाशी मारलं होतं," अनसा म्हणाली. "ते तिने स्वतः कबूल केलं होतं. मग शेवटी ती उपसत होती, ते तिने अर्ध्यात टाकलं. भाकऱ्या कातरवाल्यांना घातल्या. आणि माझं तोंड बघायचं नाही म्हणून भोक बुजवलं. मी काय केलं होतं हो तिचं? तेल पाठवलं होतं."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळं खरं होतं. एकही गोष्ट खोटी नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे चोर सोडून संन्याशाला सुळी झालं. पण हौसाबाई काही संन्यासी नव्हती. चुकलेली होती, भांडखोर होती, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना तिचं नाव पाठ होतं. ती इतकी ओरडायची की दुसऱ्या कुणाचं नाव लक्षात राहायला जागाच उरली नव्हती.

अनसाच्या गावात त्या दिवशी भाकऱ्या नेहमीसारख्या फुगल्या. अनसा जेवली नाही. भिंतीच्या भोकात अजून तो पदराचा बोळा होता. तिने तो काढायला हात घातला, मग राग आठवला आणि तसाच राहू दिला.

तात्पर्य

शाळेत विचारलं तर 'अति तेथे माती' असं लिहा. मास्तर खूश होतील. घरी मात्र हे लक्षात ठेवा. चूक करायची असेल तर मोठी करा, गोड बोलून करा आणि सगळ्यांना सोबत घेऊन करा, म्हणजे तुमच्या नावाचा चषक निघतो. लहान चूक करून ती कबूल केलीत, तर पुढे तुम्ही बरोबर असलात तरी उपयोग नाही. उपसायचं काम पत्करलंत तर सूप मरेपर्यंत खाली ठेवू नका, कारण जन्मभर काय बाहेर टाकलं ते कुणी मोजत नाही, खाली कधी ठेवलं तेवढं सगळ्यांना दिसतं. आणि कुणाचा जीव वाचवायचा असेल, तर वाचवताना त्याच्याशी गोड बोला. नाहीतर तोच साक्ष द्यायला येतो.

तर पोरांनो, गाव कुणी मारलं? सगळ्या पंचांनी एकमताने आणि सख्ख्या बहिणीच्या साक्षीने ठरवलेलं नाव असं आहे. पाठ करून ठेवा, परीक्षेला येतं.

हौसाबाई.